१७ सप्टेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे

कळमनुरी तालुक्यातलं आखाडा बाळापूर हे हिंगोली–नांदेड रस्त्यावरचं बाजाराचं गाव. तिथून काही कोसांवर पैनगंगा आहे आणि ती ओलांडली की उमरखेडचा मुलूख लागतो. आज एवढ्या प्रवासात फक्त जिल्हा बदलतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राज्य बदलत असे. अलीकडच्या काठावर निजामाचं हैदराबाद संस्थान होतं. कचेरीची भाषा उर्दू, व्यवहारात हाली सिक्का, हद्दीवर करोडगिरीचे नाके. पलीकडे वऱ्हाड. कागदोपत्री वऱ्हाडावरही निजामाचाच हक्क होता आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब होता. पण कारभार इंग्रजांचा, आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारताचा. निजामी पोलीस आणि निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार यांच्या हाती लागायचं नसेल तर नदी पार करायची, हे या टापूतल्या कार्यकर्त्याला ठाऊक होतं. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर जे कॅम्प उभारले, त्यांतला एक उमरखेडला होता.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं, हुतात्म्यांना अभिवादन होतं, भाषणं होतात. भाषणांचा सारांश बहुधा तीन वाक्यांत मावतो: निजामाची राजवट जुलमी होती, जनता लढली, भारतीय सैन्याची पोलीस कारवाई झाली आणि आपण भारतात आलो. तिन्ही वाक्यं खरी आहेत. राजकीय क्रांतीचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकाराचं काम मात्र या तीन वाक्यांनंतर सुरू होतं. कोणत्या गावातून कोण आधी गेलं? कोण गेलं नाही? गेलेल्यांच्या घरी पीठ कुणी पोचवलं? पोलिसांना खबर कुणी दिली, आणि का दिली? राज्य बदलल्यावर गावात कुणाची जमीन कुणाकडे गेली? या प्रश्नांवर आयुष्य घालवणारे प्राध्यापक जगभर आहेत. त्यांचं काम कसं चालतं, हे आपल्या लढ्याच्या संदर्भात समजून घेण्यासारखं आहे.

या विद्येतलं एक मोठं नाव म्हणजे फ्रेंच इतिहासकार जॉर्ज लफेव्र. १८७४ मध्ये लील शहरात जन्म, अनेक वर्षं शाळामास्तरकी. उत्तर फ्रान्समधल्या शेतकऱ्यांवरचा प्रबंध त्यांनी पूर्ण केला तो १९२४ मध्ये, वयाच्या पन्नाशीत. त्यासाठी त्यांनी गावोगावचे सारावसुलीचे आणि जमीनविक्रीचे कागद चाळले. त्याआधी फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास म्हणजे पॅरिसचा, पुढाऱ्यांचा आणि भाषणांचा इतिहास होता. लफेव्रनी विचारलं की खेड्यातल्या माणसाला या क्रांतीतून काय मिळालं आणि त्याने स्वतः काय केलं.

१९३२ मध्ये त्यांचं ‘महाभय’ या विषयावरचं पुस्तक आलं. १७८९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या खेड्यांत एक अफवा पसरली होती: दरोडेखोरांच्या टोळ्या येताहेत, उभी पिकं कापून नेणार आहेत, आणि त्यांच्यामागे सरदारांचा हात आहे. माणसं कोयते-काठ्या घेऊन रस्त्यावर आली, दरोडेखोर काही आले नाहीत, मग ठिकठिकाणी जमाव सरदारांच्या गढ्यांकडे वळला आणि वेठबिगारीचे, देण्याघेण्याचे दस्त जाळले गेले. हे सगळं एकाच कटातून घडलं असं क्रांतीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्हीकडचे लोक म्हणत आले होते. लफेव्रनी गावोगावच्या पत्रांतली, नोंदींतली तारीख आणि वेळ टिपली. अफवा या गावात सकाळी पोचली, त्या गावात संध्याकाळी, मध्ये अमुक घाट, निरोप घेऊन आलेला माणूस तमुक. असं करत त्यांनी नकाशा मांडला. त्यातून दिसलं की भय सगळीकडे एकदम उठलं नव्हतं. मोजक्या ठिकाणी ते स्वतंत्रपणे उठलं आणि तिथून वाटावाटांनी पुढे गेलं. कटाची कहाणी त्या नकाशाने निकालात काढली. पुढे १९३९ मध्ये त्यांनी सामान्य वाचकासाठी राज्यक्रांतीवर पुस्तक लिहिलं. नंतर महायुद्धाच्या काळात व्हिशी राजवटीने त्याच्या आठ हजार प्रती नष्ट करण्याचा हुकूम काढला. १९५९ मध्ये ते वारले, तोवर क्रांतीचा इतिहास खेड्यापासून लिहायचा असतो ही गोष्ट जगाने मान्य केली होती.

आता हीच पद्धत पैनगंगेच्या काठावर आणून बघा. १९४८ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मराठवाड्यातली असंख्य कुटुंबं घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. रझाकार येताहेत, अमुक गाव पेटवलं, अशा बातम्या रोज येत. काही बातम्या भयंकर खऱ्या होत्या. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं हत्याकांड १९४८ च्या मे महिन्यातलं. काही बातम्या वाटेत वाढल्या. कळमनुरी, वसमत, हदगाव या भागातलं कोणतं गाव कोणत्या आठवड्यात रिकामं झालं, निरोप कुणी आणला, नदी कोणत्या उतारावरून ओलांडली, कोण मागे राहिलं, याचा गाववार नकाशा झाला तर त्या वर्षाबद्दल आपल्याला जे ठोकळ ठाऊक आहे ते बारकाव्यानिशी कळेल.

हे काम करायचं तर म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागतं आणि त्या बोलण्याचीही एक शिस्त असते. ‘रझाकारांचा त्रास झाला का?’ असं विचारलं की ‘झाला’ एवढंच उत्तर येतं, कारण ते वर्षानुवर्षं भाषणांत ऐकलेलं असतं. जाणता अभ्यासक वेगळं विचारतो: त्या साली ज्वारी पेरली होती का? जनावरं कुणाच्या गोठ्यात बांधून गेलात? घराची किल्ली कुणाकडे दिली? परत आलात तेव्हा कणगीत काय शिल्लक होतं? सांगणारा तारखा सांगत नाही. पोळा झाला होता, गौरी बसायच्या होत्या, मूग काढणीला आला होता, असं सांगतो. मग जंत्री काढून बसायचं. पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांतली, म्हणजे भाद्रपदाच्या शुद्ध पक्षातली, गौरी-गणपतीच्या सुमाराची. ‘गणपती उठायच्या आत मिलिटरी आली’ असं कुणी म्हटलं तर त्या एका वाक्यावरून दिवस ठरवता येतो, आणि दुसऱ्या गावातल्या सांगणाऱ्याशी तो ताडून बघता येतो.

आठवणींइतकेच कागद महत्त्वाचे. क्रांतिकारकांचे कागद सहसा त्यांच्या शत्रूने जपलेले असतात, हे या विद्येतलं जुनं सत्य आहे. जॉर्ज रूदे हे दुसरे इतिहासकार. इंग्लंडमध्ये शाळेत शिकवत, साम्यवादी पक्षात असल्यामुळे तिथल्या विद्यापीठांची दारं त्यांना बंद राहिली आणि पन्नाशीला टेकल्यावर १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला प्राध्यापकी मिळाली. त्यांनी राज्यक्रांतीच्या काळातली पॅरिसच्या पोलिसांची दप्तरं उघडली. पकडलेल्या माणसाचं नाव, वय, धंदा, मूळ गाव या रकान्यांतून त्यांनी दाखवलं की ज्यांना तोवर ‘गुंडांचा जमाव’ म्हटलं जाई ते सुतार, लोहार, शिंपी, दुकानदार, मजूर होते. निजामाच्या राज्यातले तुरुंगांचे हजेरीपट आणि पोलिसांचे अहवाल अशाच नजरेने वाचायला हवेत.

आपल्याकडे ही वाट रणजित गुहांनी घालून दिली. १९८३ च्या त्यांच्या ग्रंथात वसाहतकाळातल्या शेतकरी उठावांचा अभ्यास आहे आणि सरकारी अधिकारी ज्याला ‘दंगेखोर’ लिहितो त्याच्या मनात काय होतं हे त्याच कागदांवरून उलटं कसं वाचायचं, याचा तो धडा आहे. आखाडा बाळापूरच्या मुलखाला हा धडा अगदी जवळचा आहे. १८१९ च्या जानेवारीत हटकर नाईकांचे पुढारी नोवसाजी नाईक यांच्या नोव्ह्याच्या गढीला मेजर पिटमनच्या फौजेने वेढा घातला आणि ती रक्तपात करून घेतली. या उठावाविषयी आपल्या हाती जे आहे ते मुख्यतः वेढा घालणाऱ्यांनी वरिष्ठांना पाठवलेल्या खलित्यांतून. आतल्या माणसांनी लिहिलेलं काही नाही. अशा वेळी इतिहासकाराला शत्रूच्या ओळींवरूनच नाईकांपर्यंत पोचावं लागतं.

हैदराबादच्या लढ्याचे कागद तीन गावी विखुरले आहेत: हैदराबादला तारनाक्यातलं राज्य अभिलेखागार, दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली रेसिडेन्सीची दप्तरं. गावपातळीचे कागद तहसिलीत आणि घरांच्या माळ्यावर. भाषेचा प्रश्न त्याहून अवघड. वरिष्ठ पत्रव्यवहार इंग्रजीत, खालचा कारभार उर्दूत आणि तोही बहुधा शिकस्ता वळणात, त्याआधीचं फारसीत, गावातलं मोडीत. नुसती मराठी आणि इंग्रजी येणाऱ्या अभ्यासकाला निजामी दप्तराचा निम्मा भाग बंदच राहतो. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार शोधताना प्रशासनाची किती धावपळ झाली ते मराठवाड्याने पाहिलं. ज्या प्रदेशाने दोनशे वर्षांहून अधिक काळ आसफजाही अंमल पाहिला, तिथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला उर्दू लिपी शिकवली जात नाही, ही मला आपल्या विद्यापीठीय शिक्षणातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनच्या फायली हेही एक मोठं दप्तर आहे. केंद्राने हैदराबादच्या लढ्यातले सरहद्दीवरचे कॅम्प पेन्शनसाठी मान्य केले. अर्जदाराने आपण कोणत्या कॅम्पवर होतो, कधी होतो, कुणाच्या हाताखाली होतो हे लिहायचं आणि मान्यताप्राप्त स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र जोडायचं. इतिहासकाराला ही सोन्याची खाण वाटते आणि ती सांभाळूनच खणावी लागते. एक तर खोटे दावे झाले. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती पालकर आयोग नेमावा लागला. दुसरं, खऱ्या फायलींतही ठरावीक माणसंच दिसतात. कॅम्पवर नाव असलेला पुरुष दिसतो. रात्री-अपरात्री त्याच्यासाठी भाकरी थापणारी, चोळीत चिठ्ठी लपवून नेणारी बाई दिसत नाही. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हाती शस्त्र घेऊन लढल्या म्हणून त्यांचं नाव राहिलं. भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन शिवारात जाणाऱ्या शेकडोजणींचं राहिलं नाही. सालगडी, निरोप्या, नदी पार करून देणारा भोई हेही फायलीत नाहीत. कागदात कोण नाही याची यादी करणं हा क्रांतीच्या इतिहासकाराच्या कामाचा अर्धा भाग आहे.

तुलना हे त्याचं दुसरं हत्यार. संस्थान एक, निजाम एक, काळ एक. तरी तेलंगणात आणि मराठवाड्यात लढा दोन तऱ्हांनी झाला. तेलंगणात वेट्टी म्हणजे वेठबिगार आणि हजारो एकर बाळगणारे देशमुख यांच्याविरुद्ध साम्यवाद्यांचे संघम उभे राहिले. जुलै १९४६ मध्ये कडवेंडीत दोड्डी कोमरय्या मारला गेला आणि सशस्त्र लढा पेटला. सुमारे तीन हजार गावं आणि दहा लाख एकर जमिनीचं वाटप असा साम्यवादी पक्षाचा दावा आहे. हा लढा १९५१ पर्यंत, म्हणजे विलीनीकरणानंतरही भारतीय सैन्याविरुद्ध चालला. मराठवाड्यात जमीन ताब्यात घेण्याची अशी लाट आली नाही. इथे स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस होती, जबाबदार राज्यपद्धतीची आणि विलीनीकरणाची मागणी होती, सत्याग्रह होते, आणि १९४७ नंतर सरहद्दीवरून नाक्यांवर, पोलीस ठाण्यांवर, तिजोऱ्यांवर हल्ले होते. उमरीची बँक लुटली गेली ती ३० जानेवारी १९४८ ला, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी.

फरक का पडला? मराठवाड्यात तेलंगणासारखी अफाट जमीनदारी पसरलेली नव्हती, हे एक कारण. दुसरं भूगोलाचं. मराठवाड्याला मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत यांची मोठी मराठीभाषक सरहद्द लाभली होती, त्यामुळे कार्यकर्त्याला गाव सोडून जायला सुरक्षित जागा होती. जो गाव सोडून जाऊ शकतो तो गावातल्या सावकाराशी आणि देशमुखाशी तिथल्या तिथे झुंजेलच असं नाही. ज्याला जायला जागा नाही त्याला गावातच उभं राहावं लागतं. हे माझं अनुमान आहे. ते खरं की खोटं हे ठरवायला कुणीतरी नदीकाठची पन्नास गावं आणि तेलंगणातली पन्नास गावं शेजारी ठेवून बघायला हवीत. अमेरिकन अभ्यासक थेडा स्कॉचपोल यांनी १९७९ मध्ये फ्रान्स, रशिया आणि चीन या तीन क्रांत्या अशाच शेजारी ठेवून ग्रंथ लिहिला. आपल्याला तर दोन्ही बाजू एकाच संस्थानात मिळाल्या आहेत.

आणि १९४८ च्या या बदलाला क्रांती म्हणायचं का? प्रश्न साधा नाही. १७ सप्टेंबरला राजसत्ता संपली, पण राजा राहिला. मीर उस्मान अली खान १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. १९४९ मध्ये निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फेखास मुलूख सरकारात आला, जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा झाला, १९५२ मध्ये प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली. पुष्कळ बदललं. पण पाटील, पटवारी, मोजणीचे आकडे, चावडी तीच. फ्रान्सबद्दल तोकव्हील यांनी १८५६ मध्ये हेच दाखवलं होतं. तूर शहरातली जुनी प्रशासकीय दप्तरं वाचून त्यांनी म्हटलं की क्रांतीने उभारलेलं वाटतं ते केंद्रीय राज्ययंत्र जुन्या राजवटीतच उभं राहत होतं. मराठवाड्यात १९४८ ला काय तुटलं आणि काय पुढे चालू राहिलं, याचा हिशेब गावनिहाय मांडल्याशिवाय ‘क्रांती’ हा शब्द लावावा की नाही ते ठरणार नाही.

इतिहासकाराला १७ सप्टेंबरच्या पुढचे आठवडेही लिहावे लागतात. पोलीस कारवाईनंतर अनेक भागांत मुसलमानांवर सुडाचे हल्ले झाले. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा करून मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत हानी सर्वाधिक होती. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना वाचवल्याचीही नोंद समितीने केली. हा अहवाल अनेक दशकं प्रसिद्धच झाला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि त्यानंतरचेही खरे होते. दोन्ही एकाच लेखणीने, एकाच मापाने लिहिणं हीच या व्यवसायाची परीक्षा आहे. ज्याला यातलं एकच लिहायचं आहे त्याने दुसरा विषय घ्यावा.

मराठीत या लढ्यावर मोलाचं लेखन झालं आहे. स्वामी रामानंद तीर्थांनी स्वतः आठवणी लिहिल्या. अनंत भालेरावांनी लढ्याचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर १९४८ मध्ये सोळा वर्षांचे होते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकवता शिकवता त्यांनी निजामी राजवटीच्या स्वरूपाची जी चिकित्सा केली ती आजही ताजी आहे. य. दि. फडक्यांनी विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा राजकीय इतिहास खंडाखंडांतून, साधार, तळटीपांसह लिहून एक मानदंड घालून दिला. पण स्वामीजी आणि भालेराव लढ्यातलेच होते आणि कुरुंदकर इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. अलीकडे हैदराबादवर महत्त्वाचे ग्रंथ इंग्रजीत आले. मार्ग्रिट पर्नाऊ, ल्युसियन बेनिशू, टेलर शर्मन, सुनील पुरुषोत्तम ही त्यांतली नावं. त्यांची नजर मुख्यतः राजधानीवर, राज्यकर्त्यांवर, दिल्लीच्या धोरणावर आहे. वापटीच्या हुतात्मा बहिर्जी शिंद्यांच्या नावाने वसमतला विद्यालय आणि महाविद्यालय आहे. त्यांचं गाव, त्यांचे साथी, त्या गावातली शेती आणि सावकारी यांचा लफेव्रच्या पद्धतीने झालेला अभ्यास मात्र अजून व्हायचा आहे.

हा अभ्यास कुणी करायचा? वाट लांबची आहे. बी.ए., एम.ए., मग नेट किंवा पुणे विद्यापीठ घेतं ती सेट, मग किमान तीन वर्षांची पीएच.डी. फेलोशिप मिळाली तर ठीक. नाहीतर तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत धावत शिकवायचं आणि सुट्टीत हैदराबादची गाडी पकडायची. अशा धावपळीत शिकस्ता वाचायला शिकणं किती कठीण आहे हे जाणूनच सांगतो की दुसरी वाट नाही. लफेव्र आणि रूदे दोघेही शाळेत शिकवता शिकवताच इतिहासकार झाले. नांदेडचं विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला स्थापन झालं आणि त्याला स्वामीजींचं नाव आहे. तिथल्या इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक वर्ष उर्दू आणि एक वर्ष मोडी सक्तीची करावी, आणि प्रत्येकाने एका गावाचा १९४६ ते १९५२ एवढ्याच काळाचा इतिहास लिहून द्यावा. दहा वर्षांत हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांची शेकडो गावं नोंदली जातील.

१९४८ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदी ओलांडून गेला आहे. कळमनुरी, वसमत, औंढा, हदगाव या भागात ज्यांच्या घरी असे आजी-आजोबा आहेत त्यांनी या आठवड्यातच मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं. नाव, गाव, वय आधी बोलून घ्यावं. घरात जुना पेटारा असेल, त्यात उर्दूतली पावती, कॅम्पवरून आलेलं पत्र, पेन्शनच्या अर्जाची नक्कल, मोडीतलं खत सापडलं, तर ते रद्दीत घालू नये. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढावा, तो कुणाकडून आला ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवावं आणि जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहास विभागात दाखवावा.